कार्ड स्लॉटमध्ये असूनही बोर्ड उठत नाही: बूट फॉलबॅकचा पॅच तपासताना काय बघायचं

लक्षण एकच आहे आणि ते परत परत येतं. लाइट जाते, येते, बोर्डावरची पॉवरची एलईडी लागते आणि पुढं काहीच नाही. इथरनेटचे दिवे लागत नाहीत, स्क्रीन काळीच, स्लॉटमध्ये रिकव्हरीचं एसडी कार्ड घातलेलं आहे तरी बोर्ड त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. एमसीबी पाडून परत चढवली तरी तेच. मग फोन येतो, "अहो साहेब, तुमचा डबा बंद पडलाय बघा, भट्टीचं रीडिंग येत नाय."

मीटरचं रीडिंग सर्व्हरला पाठवणारे आमचे हे डबे कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये आहेत, थोडे गोकुळ शिरगावला, आणि काही नदीकाठी उपसा सिंचनाच्या पंपांवर. आत एएम३३५एक्स प्रोसेसर, एक ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅश मेमरी), एक एसडी कार्डचा स्लॉट आणि यू-बूट, म्हणजे पॉवर आल्यावर लिनक्स उचलून चालू करणारा बूटलोडर. फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस लोड घेते तेव्हा व्होल्टेज खाली बसतं, पंपावर तर लाइट कधी येईल कधी जाईल सांगता येत नाही, आणि नेमकं त्याच वेळेला अपडेट चालू असेल तर ईएमएमसीवर यू-बूट अर्धवट लिहिलं जातं. म्हणून फॉलबॅक हवा, म्हणजे ईएमएमसीवरचं बिघडलं तर बोर्डानं आपणहून कार्डावरून उठायचं. आता कोण म्हणेल जाऊन बदलून यायला काय होतं, शिरोली तर इथंच आहे. पण २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरू हायवेवर आलं तेव्हा तिकडं जाताच येत नव्हतं, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघाली की नदीकाठच्या पंपांवर कुणाला पाठवायचा विषयच संपतो. त्या दिवसांत बोर्ड स्वतःहून उठला पाहिजे, बस.

तर आमच्यातल्या एका पोरानं पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहिला. पोरगा हुशार आहे, पॅच छोटा आणि स्वच्छ होता. पॉवर आली की आधी प्रोसेसरमधला पक्का कोड, म्हणजे रॉम, चालतो, तो एसपीएल हा यू-बूटचा छोटा पहिला टप्पा उचलतो (त्याची फाइल म्हणजे एमएलओ), आणि एसपीएल मग पूर्ण यू-बूट उचलतं. एसपीएलमध्ये बोर्ड_बूट_ऑर्डर नावाचं फंक्शन असतं, ते वीक आहे, म्हणजे आपण आपलं लिहिलं नाही तर डीफॉल्ट चालतं, आणि डीफॉल्ट फक्त एवढंच करतं की रॉमनं ज्या डिव्हाइसवरून एसपीएल उचललं तेच लिस्टच्या पहिल्या जागी ठेवायचं, बाकी सगळं रिकामं. म्हणजे मुळात फॉलबॅक नाहीच. कार्ड स्लॉटमध्ये असून बोर्ड त्याला विचारत नाही याचं पहिलं कारण हे, आणि बऱ्याच जणांचं इथंच अडकलेलं असतं. पॅचमध्ये ते फंक्शन आमचं लिहिलं होतं, पहिल्या जागी बूट_डिव्हाइस_एमएमसी१, दुसऱ्या जागी बूट_डिव्हाइस_एमएमसी२. टेस्टिंगही केलेलं होतं, ईएमएमसीवरचं यू-बूट पुसलं, कार्ड घातलं, पॉवर दिली, बोर्ड कार्डावरून उठला. "झालं की सर, चालतंय," असं तो म्हणाला.

मी त्याला एकच करायला सांगितलं. ईएमएमसीवर चांगलं यू-बूट परत टाक, कार्ड काढ, आणि पॉवर दे. बोर्ड उठला नाही. चांगल्या ईएमएमसीवर, काही बिघडलेलं नसताना, बोर्ड मेलेला. सिरियल पोर्टवरच्या लॉगची शेवटची ओळ होती "फेल्ड टू बूट फ्रॉम ऑल बूट डिव्हाइसेस".

इथं दोन वेगवेगळे बग एकमेकांवर बसले होते आणि ते सुटे करून सांगतो, कारण हे दोन्ही मी दुसऱ्यांच्या कोडमध्येही बघितलेत.

पहिला आकड्यांचा. चिपच्या मॅन्युअलमध्ये एमएमसीच्या पोर्टांचे (कार्ड आणि ईएमएमसी जोडायच्या जागांचे) नंबर शून्यापासून आहेत, एमएमसी० म्हणजे आमच्या बोर्डावर एसडी स्लॉट आणि एमएमसी१ म्हणजे ईएमएमसी. याच प्रोसेसरच्या बीगलबोन ब्लॅक या तयार बोर्डावरही असंच आहे. पण यू-बूटमधलं बूट_डिव्हाइस_एमएमसी१ हे नाव एकपासून मोजतं, त्याचा इंडेक्स शून्य, म्हणजे ते एसडी. आणि बूट_डिव्हाइस_एमएमसी२ म्हणजे इंडेक्स एक, म्हणजे ईएमएमसी. पोरानं मॅन्युअल नीट वाचून एमएमसी१ पहिलं लिहिलं, त्याच्या डोक्यात ते ईएमएमसी, कोडमध्ये मात्र ते कार्ड. त्यात लिनक्समध्ये गेलं की एमएमसीबीएलके० या नावाचं डिव्हाइस नक्की कोण हे अजून तिसरंच, जुन्या कर्नलमध्ये जे डिव्हाइस आधी सापडेल त्याला तो नंबर, आणि ५.१० पासून डिव्हाइस ट्रीत (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीत) एलियास दिला तर नंबर पक्का राहतो. तीन ठिकाणी तीन हिशोब. म्हणून माझा आता नियम आहे की रिव्ह्यूमध्ये नुसता नंबर दिसला की पुढं कमेंटमध्ये "एसडी" की "ईएमएमसी" हे लिहिलेलंच पाहिजे, नाहीतर मी पॅच पुढं जाऊ देत नाही.

यातली खरी गोम अशी की त्याची टेस्ट पास झाली ती चुकीच्या कारणानं. बोर्ड कार्डावरून उठला ते फॉलबॅक झाला म्हणून नाही, तर कार्ड आधीपासूनच पहिल्या नंबरवर होतं म्हणून. फॉलबॅकची वाट एकदाही चालली नव्हती. आणि हा प्रकार साइटवर गेला असता तर अजून भानगड, कारण फाउंड्रीतले लोक डेटा लॉग घ्यायला कार्ड घालतात, त्यातल्या एखाद्या जुन्या कार्डावर जुनं यू-बूट राहिलेलं असतं, आणि मग चांगला बोर्ड जुन्या फर्मवेअरवर उठून बसला असता आणि आम्ही इथं बसून डोकं खाजवत बसलो असतो.

दुसरा बग पॉइंटरचा, आणि हा पॅचमध्ये नव्हताच, आधीपासून सोर्स कोडच्या ट्रीत होता. आमच्याकडची यू-बूटची ट्री ही मॉड्यूल विकणाऱ्या कंपनीनं दिलेली, जुनी. त्यात एसपीएलचं एमएमसी लोड करणारं फंक्शन एमएमसीचा पॉइंटर (कुठलं डिव्हाइस वापरायचं त्याचा पत्ता) स्टॅटिक ठेवतं, म्हणजे तो पुढच्या फेरीतही टिकतो, आणि विचारतं फक्त एवढंच की हा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, आहे का, नल असेल तर डिव्हाइस शोधा आणि इनिट करा, म्हणजे कामाला तयार करा. हेतू चांगला, इनिट एकदाच व्हावं. पण पहिल्या फेरीत एसडी शोधलं, पॉइंटर भरला, कार्ड नाही म्हणून इनिट फेल झालं, फंक्शन एरर देऊन परत आलं, पॉइंटर मात्र तसाच भरलेला राहिला. दुसऱ्या फेरीत लिस्टमधलं पुढचं डिव्हाइस ईएमएमसी आहे, पण पॉइंटर नल नाही, म्हणून शोधणंही नाही आणि इनिटही नाही, आणि रीड जातं परत त्याच रिकाम्या एसडी स्लॉटला. स्क्रीनवर मात्र "ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी२" असं छापून येतं. लॉग वाचणाऱ्याला वाटतं ईएमएमसी खराब आहे. ईएमएमसीला कुणी हातच लावलेला नसतो!

नंबर सरळ केले तरी हा बग जात नाही हे लक्षात घ्या, फक्त उलट्या बाजूनं चावतो. ईएमएमसी पहिलं, ते इनिट छान झालं, पण त्यावर इमेज सापडली नाही, मग एसडीची पाळी, आणि वाचलं जातं परत ईएमएमसीच. म्हणजे ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप तेच होत नाही. मेनलाइन, म्हणजे मूळ प्रोजेक्टच्या, यू-बूटमध्ये आता ही अट पूर्ण आहे: पॉइंटर नल असेल किंवा त्या पॉइंटरचा डिव्हाइस नंबर मागितलेल्या नंबरशी जुळत नसेल तर परत शोधा, आणि इनिट फेल झालं तर पॉइंटर नल करून मगच परत या. आपल्या ट्रीत नुसता नलचा चेक दिसला तर लिस्टमध्ये कितीही डिव्हाइस घाला, उपयोग शून्य. मी तर म्हणतो फॉलबॅकचा कुठलाही पॅच आला की बदललेल्या ओळींच्या आधी ही एक जागा उघडून बघा.

इथंपर्यंत दुरुस्त केल्यावर पोरगा म्हणाला, "आता तरी घेऊया ना सर?" मी म्हटलं थांब, अजून मुख्य गोष्ट राहिलीय.

कारण लिस्ट बरोबर असणं आणि फॉलबॅक होणं यात लई अंतर आहे. एसपीएल पुढच्या डिव्हाइसवर कधी जातं? तर मागच्या डिव्हाइसच्या लोडरनं एरर दिला तरच. एरर आलाच नाही तर एसपीएलच्या दृष्टीनं सगळं आलबेल, ते सरळ लोड केलेल्या पत्त्यावर उडी मारतं आणि एकदा उडी मारली की ते संपलं, मागं वळून बघायला कुणी उरत नाही. म्हणजे सगळा प्रश्न इथं येऊन थांबतो की एसपीएल कशाला बिघाड मानतं. आणि साइटवरचा आमचा बिघाड काय आहे? कार्ड नसणं नाही, ईएमएमसी मरणं नाही. अर्धवट लिहिलेलं यू-बूट.

आमच्या बोर्डावर ईएमएमसीत एमएलओ १२८ केबीवर आणि यू-बूट ३८४ केबीवर आहे, एएम३३५एक्सवाल्यांच्यात ही पद्धत सर्रास आहे. यू-बूटच्या जुन्या पद्धतीच्या इमेजला सुरुवातीला ६४ बाइटचा हेडर असतो, त्यात मॅजिक नंबर, म्हणजे इमेज ओळखायची खूण, हेक्समध्ये २७०५१९५६, मग हेडरचा सीआरसी (मजकूर बिघडलाय का ते ओळखायचा आकडा), साइज, लोड अॅड्रेस, डेटाचा सीआरसी वगैरे. अपडेट चालू असताना लाइट गेली तर काय होणार? लिहिणं सुरुवातीपासून चालू होतं, म्हणजे हेडर नवीन आणि पूर्ण, आणि शेपूट जुनं किंवा कचरा. एसपीएल हेडर वाचतं, मॅजिक जुळतं, साइज बघून तेवढे सेक्टर वाचतं, रीडला काही एरर येत नाही कारण फ्लॅश धडधाकट आहे, आणि मारली उडी. सीआरसी हेडरमध्ये लिहिलेला आहे पण तो कुणी तपासतच नाही, कारण एसपीएलमध्ये त्यासाठी वेगळा कॉन्फिग लागतो, एसपीएल लेगसी इमेज सीआरसी चेक असं त्याचं नाव, आणि आमच्या ट्रीत तो बंद होता. तो चालू केला की डेटाचा सीआरसी लोड झाल्यावर मोजला जातो, जुळला नाही तर एरर येतो आणि तेव्हा कुठं पुढच्या डिव्हाइसची पाळी येते.

ज्यांच्याकडं फिट, म्हणजे नवीन पद्धतीची, इमेज आहे त्यांनी निर्धास्त राहू नका. फिटमध्ये हॅश, म्हणजे सीआरसीसारखाच पडताळणीचा आकडा, लिहिलेला असतो हे खरं, पण एसपीएल तो पडताळतं ते एसपीएलचा फिट सिग्नेचर सपोर्ट चालू असेल तरच. इमेज बनवताना शा२५६ हॅश टाकला म्हणून बूट होताना तो बघितला जातोय असं धरून चालू नका, लॉगमध्ये हॅश चेक केल्याची ओळ दिसते का बघा.

आणि याहून वाईट म्हणजे रॉ इमेजचा सपोर्ट. हा कॉन्फिग चालू असेल आणि हेडरमध्ये ओळखीचं मॅजिक सापडलं नाही तर एसपीएल असं समजतं की ही हेडर नसलेली यू-बूटची बायनरी असणार, ठरलेल्या पत्त्यावर ठेवतं आणि उडी मारतं. म्हणजे ३८४ केबीवर पूर्ण कचरा असला तरी ते "यशस्वी". हा चालू असताना रॉ सेक्टरवरून बूट करणाऱ्या बोर्डाला फॉलबॅक आहे असं म्हणणंच चूक आहे, माझं मत यावर पक्कं आहे. पॅचबरोबर डेफकॉन्फिगमध्ये (बोर्डाच्या कॉन्फिगच्या फाइलीत) तो बंद करायला लावला, सीआरसी चेक चालू करायला लावला, आणि मग एसपीएलची साइज बघितली, कारण एएम३३५एक्सचा रॉम आतल्या रॅममध्ये जास्तीत जास्त १०९ केबीच घेतो आणि त्यापलीकडं गेलं की बोर्ड एक अक्षरही छापत नाही. सीआरसीचा कोड छोटा असतो, बसला.

आता साइटवरून लॉग मागवताना. यूएसबी टू टीटीएल केबल, ३.३ व्होल्टचीच, ११५२०० बॉड, एवढं फोनवर सांगून आमचं चालतं, फाउंड्रीतले मेंटेनन्सचे मामा आता सराईत झालेत. शेवटची ओळ काय आहे यावरून नव्वद टक्के कळतं. "फेल्ड टू बूट फ्रॉम ऑल बूट डिव्हाइसेस" आली तर एसपीएल जिवंत आहे, लिस्ट संपेपर्यंत फिरलंय, म्हणजे कार्डाची इमेज किंवा तो पॉइंटरचा बग बघायचा. "कार्ड डिड नॉट रिस्पॉन्ड टू व्होल्टेज सिलेक्ट" दिसलं तर त्या स्लॉटला कार्ड नाही किंवा बसलेलं नाही, फाउंड्रीत काळी धूळ कनेक्टरमध्ये जाते, काढून पुसून घालायचं. "ट्राइंग टू बूट फ्रॉम" एवढी ओळ येऊन पुढं गप्प, तर हीच ती उडी, अर्धवट इमेज. आणि काहीच अक्षर आलं नाही तर एसपीएलपर्यंत आपण पोचलोच नाही, रॉमचा किंवा एमएलओचा विषय.

एमएलओचं थोडक्यात सांगतो. तो रॉम वाचतो, आपला पॅच तिथं पोचतच नाही. रॉम कार्डावर किंवा ईएमएमसीवर ०, १२८, २५६ आणि ३८४ केबी या जागांवर हेडर शोधतो, पण आतला मजकूर बरोबर आहे का हे तो बघत नाही. तेव्हा एमएलओ साइटवर कधीच अपडेट करायचा नाही, अपडेटच्या स्क्रिप्टमधून ती ओळच काढून टाकली आहे. आणि घरी बीगलबोन ब्लॅकवर हे करून बघणार असाल तर ध्यानात असू द्या की एस२ बटण दाबून पॉवर दिली की रॉमचा क्रमच बदलतो, एसपीआय, मग एसडी, मग यूएसबी, मग यूएआरटी, ईएमएमसी त्यात नाहीच, आणि बटण न दाबता ईएमएमसी, एसडी, यूएआरटी, यूएसबी. ही पिनांची स्थिती फक्त पॉवर ऑनच्या रीसेटला पकडली जाते, रीसेटचं बटण दाबून ती बदलत नाही. बटण दाबून एसडीवरून उठवून "फॉलबॅक चालला" म्हणणारे मी बघितलेत, तो रॉमचा क्रम आहे, तुमच्या कोडचा नाही.

फॉलबॅक होऊन यू-बूट कार्डावरून आलं, पुढं काय? इथं परत एक खड्डा आहे. यू-बूटचा एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याची सेटिंग, कुठून वाचायचा हे कॉन्फिगमध्ये ठरलेलं असतं, आमच्याकडं ते ईएमएमसी. म्हणजे यू-बूट कार्डावरचं, एन्व्हायर्नमेंट ईएमएमसीवरचा, त्यातला बूटसीएमडी, म्हणजे बूट करायची कमांड, ईएमएमसीवरचा कर्नल उचलणार आणि रूट फाइलसिस्टीमही तिथलीच. कधी ते बरं असतं, यू-बूटच तेवढं बिघडलेलं असेल तर. पण अपडेट अर्धवट राहिलाय म्हणजे पुढच्या पार्टिशनवरही भरवसा नाही. रिकव्हरी कार्डावरून उठलेल्या यू-बूटनं कार्डावरचंच बाकीचं वापरावं असं मला वाटतं, आणि त्यासाठी त्याला कळायला हवं की आपण कुठून आलो. पॅचमध्ये यासाठी रॉमनं दिलेलं बूट डिव्हाइस विचारलं होतं. रॉमनं एमएलओ ईएमएमसीवरून उचलला, म्हणून ते उत्तर "ईएमएमसी" असंच येणार, फॉलबॅक झालेला असला तरी. एसपीएलनं खरोखर कुठून लोड केलं हे एसपीएल_इमेजच्या बूट_डिव्हाइस या फील्डमध्ये असतं, लोड यशस्वी झालं की तिथं भरलं जातं, आणि एसपीएल_परफॉर्म_फिक्सअप्स हा हुक वापरून ते पुढं पाठवता येतं. रिव्ह्यूत हे बदलायला सांगितलं. कर्नलच्या कमांड लाइनला रूट म्हणून एमएमसीबीएलकेचा नंबर होता तिथं पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनची स्वतःची ओळख, घातला, म्हणजे नंबरांच्या भानगडीतून एकदाची सुटका.

वॉचडॉग (बोर्ड अडकला तर ठरल्या वेळेनं रीसेट देणारा टायमर) आणि बूटकाउंट (बोर्ड किती वेळा उठायला गेला त्याची मोजणी) यांच्यावर मी जरा जास्त वेळ घेतला, कारण लोक याच्यावर लई विसंबतात. सीआरसी बरोबर आहे पण यू-बूटच चुकीचं बनलंय, किंवा कर्नल अडकतोय, तर एसपीएलची लिस्ट काही करू शकत नाही. त्यासाठी वॉचडॉग रीसेट देणार, बूटकाउंट वाढत जाणार, बूटलिमिट ओलांडलं की बूटसीएमडीऐवजी ऑल्टबूटसीएमडी चालणार. कागदावर उत्तम. आता एएम३३५एक्सवर रॉम स्वतः वॉचडॉग टायमर १ तीन मिनिटांवर लावून देतो, पण यू-बूटचा सुरुवातीचा कोड तो बंद करतो, म्हणून उडी मारल्यावर लटकलेला बोर्ड लटकूनच राहतो. एसपीएलमध्येच वॉचडॉग परत चालू केला पाहिजे आणि लिनक्समधल्या सर्व्हिसनं तो हातात घेईपर्यंत कुणी बंद करता कामा नये.

आणि बूटकाउंट कुठं ठेवलाय? आमच्या ट्रीत आरटीसीच्या, म्हणजे चिपमधल्या घड्याळाच्या, स्क्रॅच रजिस्टरमध्ये. वॉचडॉगच्या रीसेटला तो टिकतो, पण आमच्या बोर्डावर आरटीसीला बॅटरी नाही, म्हणून पॉवर गेली की शून्य. आता फाउंड्रीतला माणूस काय करतो? डबा बंद दिसला की एमसीबी पाडतो आणि चढवतो. परत बंद दिसला, परत तेच. प्रत्येक वेळी मोजणी पहिल्यापासून, लिमिट कधी गाठलंच जात नाही, आणि ऑल्टबूटसीएमडी कितीही छान लिहिलेला असू दे तो चालणारच नाही. त्या माणसाचं काही चुकत नाही, कुणीही तेच करेल. वॉचडॉगची वेळ कमी ठेवून लिमिट लवकर गाठलं जाईल असं करणं हा एक मार्ग, पण पंपावर लाइटच धड टिकत नाही, तिथं तेवढाही भरवसा नाही. म्हणून बूटकाउंट आयटूसीवरच्या एफरॅममध्ये (पॉवर गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) हलवला, आमच्या बोर्डावर मीटरचे आकडे ठेवायला ती आधीच होती. एन्व्हायर्नमेंटमध्येही ठेवता येतो, पण तिथं अपग्रेड_अव्हेलेबल सेट असेल तरच तो सेव्ह होतो, आणि आम्हाला अपडेट नसतानाही मोजणी हवी होती. हे केल्यावर एक जबाबदारी वाढते: नीट उठलेल्या लिनक्सनं मोजणी शून्यावर आणलीच पाहिजे, नाहीतर आता पॉवर गेल्यावरही ती पुसली जात नाही आणि दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या पंपावर चांगला बोर्ड दोन दिवसांत रिकव्हरीत जाऊन बसेल. शून्यावर आणणारी सर्व्हिस आम्ही मुद्दाम उशिरा ठेवली आहे, मीटरचं पहिलं रीडिंग सर्व्हरला पोचलं की मग. नुसता लॉगिन प्रॉम्प्ट आला म्हणजे बोर्ड बरा असं नाही.

वॉचडॉगचा रीसेट आणि ईएमएमसी यांचं एक वेगळं आहे. ईएमएमसीची रीसेटची पिन असते पण कारखान्यातून येताना ती फंक्शन बंद असते, एक्सटी सीएसडीच्या (ईएमएमसीच्या आतल्या सेटिंगच्या रजिस्टरच्या) १६२ नंबरच्या बाइटमध्ये ती चालू करावी लागते आणि हे एकदाच करता येतं, परत फिरवता येत नाही. ती बंद असेल तर वॉर्म रीसेटला, म्हणजे पॉवर न जाता झालेल्या रीसेटला, प्रोसेसर नव्यानं सुरू होतो पण ईएमएमसी मधल्याच स्थितीत, आणि रॉमला ती कधी सापडते कधी नाही. बोर्डावर पिन जोडलेली आहे का हे आधी स्कीमॅटिकमध्ये बघा, मगच बाइट लिहा.

सगळीकडून फेल झालं तर एसपीएल शेवटी हँग होतं. त्याऐवजी लगेच रीसेट द्यावा असं पॅचमध्ये होतं, मी ते काढायला लावलं, कारण लगेच रीसेट दिला की सिरियलवर लॉग वाचता येत नाही इतका भराभर फिरतो आणि एलईडीवरूनही काही कळत नाही. वॉचडॉग चालूच आहे, तो सवडीनं रीसेट देईल, तोपर्यंत एलईडीनं ठरलेल्या पद्धतीनं लुकलुकायचं. त्यामुळं मामांना फोनवर विचारता येतं, "दिवा नुसता लागलाय की मिचमिच करतोय?" आणि मिचमिच म्हणाले की मला लॅपटॉप न उघडता कळतं की एसपीएलपर्यंत सगळं ठीक आहे, कार्ड बदलून बघायचं.

टेस्टिंग कसं केलं ते सांगतो, कारण यू-बूट पूर्ण पुसून बघण्यात काही राम नाही, ते साइटवर कधी होतच नाही. ईएमएमसीवर चांगलं यू-बूट लिहायचं, मग ३८४ केबीपासून पुढं साधारण १०० केबी सोडून तिथून थोडा कचरा डीडी या कमांडनं लिहायचा, म्हणजे हेडर शाबूत आणि पोट बिघडलेलं. यावर बोर्ड कार्डावरून उठला तर सीआरसी चेक खरोखर चालतोय. नंतर फक्त मॅजिक बिघडवायचं, हे रॉ इमेजच्या कॉन्फिगसाठी. नंतर चांगलं ईएमएमसी आणि कार्ड नाही, चांगलं ईएमएमसी आणि रिकामं कार्ड, चांगलं ईएमएमसी आणि जुन्या यू-बूटचं कार्ड, या तिन्हीत ईएमएमसीवरूनच उठायला पाहिजे. नंतर दोन्ही बिघडवून एलईडी बघायची. आणि प्रत्येक वेळी यू-बूटच्या बॅनरमधली बिल्डची तारीख वाचायची, कार्डावरच्या आणि ईएमएमसीवरच्या बिल्डला मुद्दाम वेगळी तारीख ठेवून, कारण बोर्ड उठला एवढ्यावरून तो कुठून उठला हे सिद्ध होत नाही. या सगळ्या केसेस एकदा थंड पॉवर ऑननं आणि एकदा वॉचडॉगच्या रीसेटनं करायच्या, दोन्हीत फरक पडतो ते वर सांगितलंच.

पॅच शेवटी चार तुकड्यांत घेतला. स्टॅटिक पॉइंटरची दुरुस्ती वेगळी, कारण ती आमच्या बोर्डापुरती नाही आणि उद्या ट्री बदलली की ती आपोआप गळून जाईल. बूट ऑर्डर, ईएमएमसी पहिलं आणि एसडी दुसरं, वेगळी. कॉन्फिगचे बदल वेगळे, कमिट मेसेजमध्ये प्रत्येकाचं कारण लिहून. आणि वॉचडॉग, बूटकाउंट, फिक्सअपचा हुक हे चौथं. पोरानं ते सगळं नीट लिहिलं, कमिट मेसेज तर माझ्यापेक्षा चांगले लिहितो.

आता अडचण एवढीच की यातलं बरंचसं एसपीएलमध्ये आहे, म्हणजे एमएलओमध्ये, आणि एमएलओ लांबून अपडेट करायचा नाही असं आम्हीच ठरवलंय. म्हणून जुन्या डब्यांना हे हातानंच घालावं लागतंय, बोर्ड टेबलावर आणून. नदीकाठचे पंपांवरचे आधी घेतलेत, पावसाळ्याच्या आत ते झाले पाहिजेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे सर्व्हिसला येतील तसे. कुणाकडं याच प्रोसेसरचा बोर्ड आणि जुनी ट्री असेल तर आधी कार्ड काढून एकदा पॉवर देऊन बघा आणि शेवटची ओळ काय येते ते लिहा, त्यावरून पुढं कुठं बघायचं ते सांगतो.